आधी फळ्यावरून उतरवून घेणं बंद करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाचवीचा वर्ग, ३४ मुलं. एकाला वाचता येत नाही, डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन-अक्षमतेचा, संशय आहे. एकीला श्रवणयंत्र आहे. एक जागेवर बसत नाही. या तिघांसाठी वेगळं काय करू?

वेगळं काही करण्याआधी एक गोष्ट बंद करा: फळ्यावरची प्रश्नोत्तरं वहीत उतरवायला लावणं. स्टाफरूममध्ये यावर काय म्हणतील ते ठाऊक आहे. 'मग वह्या पूर्ण कशा होणार?' त्याकडे शेवटी येते.

उतरवताना काय घडतं ते बघा. नजर तीन मीटरवरच्या फळ्याकडे, मग हातभर अंतरावरच्या वहीकडे. मधल्या वेळात शब्द डोक्यात धरायचा, लिहायचा, मग फळ्यावर सुटलेली जागा पुन्हा शोधायची. वाचता येणारं पोर एका नजरेत तीन-चार शब्द उचलतं. या मुलाला एकेक अक्षर उचलावं लागतं, कारण त्याच्यासाठी तो शब्द नसतो, नक्षी असते. श्रवणयंत्रवालीचं नुकसान वेगळं. तुम्ही लिहिता लिहिता बोलता तेव्हा पाठ वर्गाकडे असते आणि तिला ओठ दिसत नाहीत. तिसरा तर उतरवण्याच्या याच वेळात उठतो, एक आठवडा वेळ टिपून बघा.

याऐवजी छापील कागद द्या. अर्ध्या पानाचा मजकूर, १६ पॉइंट अक्षर, ओळींत दीडपट अंतर, आठ-दहा रिकाम्या जागा. रिकामी जागा कळीच्या शब्दाचीच ठेवा, 'आहे', 'होते' यांची नको. शब्द कागदाच्या तळाशी चौकटीत द्या, म्हणजे शुद्धलेखनाची परीक्षा होणार नाही. कागद तिघांनाच नाही, चौतीसही जणांना. तिघांनाच दिलात तर मधल्या सुट्टीपर्यंत त्या कागदाला नाव पडलेलं असतं.

उरलेल्या वेळात काय करायचं, ते खाजनाच्या पाठावरून सांगते. खाजन म्हणजे गोव्यातली, बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. पसरट ट्रेमध्ये चिखलाचा चार-पाच सेंटिमीटर उंच बांध घालायचा, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शेत. मध्ये खिडकी ठेवून तिच्यात आइस्क्रीमच्या डब्याची कापलेली चौकट बसवायची, आणि त्याच डब्याच्या झाकणाचा तुकडा वरच्या कडेला चिकटपट्टीने टांगायचा. ही झाली मानस, म्हणजे खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार. पुठ्ठा घेऊ नका, दुसऱ्या मिनिटाला लोळागोळा होतो. झाकण नदीच्या बाजूलाच टांगा. मग भरतीचं पाणी ते चौकटीवर दाबून बंद करतं, आणि ओहोटीला शेतातलं पाणी ते ढकलून बाहेर जातं. शेताच्या बाजूला टांगलंत तर भरती दार उघडून आत येते आणि पाठ उलटा होतो. तसं झालं तर लगेच दुरुस्त करू नका, 'का झालं?' विचारा. पाणी ओतायचं काम न बसणाऱ्याला द्या. त्याच्यासाठी तूर्त एवढंच सांगते: काम पाच-सात मिनिटांच्या तुकड्यांत, आणि बाक दाराजवळ नको.

तपासायचे मुद्दे चारच: बांध कशासाठी, दार कधी मिटतं, खारं पाणी शिरलं तर भाताचं काय होतं, कोरगुट हे खाजनातलं भाताचं वाण तिथे का तग धरतं. उत्तर लिहून चालेल, नावं दिलेली आकृती चालेल, कोंकणीत तोंडी सांगितलं तरी चालेल. गुण तेवढेच. 'हा इतरांवर अन्याय' म्हणणाऱ्यांना विचारा, पाठ खाजनाचा होता की हस्ताक्षराचा?

आता डिस्लेक्सियाचा संशय. घरी कोंकणी, चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीला एकदम इंग्रजी, अशा मुलाला फक्त इंग्रजीवरून कुणी डिस्लेक्सिक म्हणू नये. त्याला वाचता न आलेला इंग्रजी उताराच कोंकणीत करून वाचून दाखवा आणि पाच प्रश्न विचारा. ऐकून चार बरोबर, वाचून एकही नाही, तर अडचण समजेत नाही, वाचनात किंवा इंग्रजीत आहे. मग देवनागरी बघा. 'किमात', 'धुबेर' असे अर्थ नसलेले दहा शब्द वाचायला द्या, कारण ओळखीचे शब्द पोरं अंदाजाने मारून नेतात. घ-ध, भ-म यांची अदलाबदल, रफार गळणं, आणि लिहायला आधी पण बोलायला नंतर येणारी पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाणं, या चुका चौथीनंतरही टिकून असतील तर तपासणीला पाठवा. देवनागरी नीट, फक्त इंग्रजीच अडते, तर आधी सहा महिने इंग्रजीचे ध्वनी शिकवा. मात्र देवनागरीत अक्षर-उच्चाराचा मेळ सरळ असल्यामुळे सौम्य अडचण तिथे लपते. अडखळत नसला तरी वेग मोजा.

'डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र आणू दे, मग बघू' हे उत्तर कायद्यालाही धरून नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं सोळावं कलम डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करण्याचं काम शाळांवर टाकतं. प्रमाणपत्र लागतं ते परीक्षेतल्या सवलतींसाठी. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक होता. पण लेखनिकाला सांगून लिहवून घेणं हेही शिकावं लागतं, आठवीपासून सराव नसेल तर दहावीला तो लेखनिक नुसता बसून राहतो.

श्रवणयंत्राचं: जून-जुलैत पत्र्यावरचा पाऊस आणि पंखा, दोन्ही आवाज यंत्र तितक्याच इमानाने मोठे करतं. तिला खिडकीपासून दूर आणि तुमच्यापासून दीड-दोन मीटरवर बसवा. दमटपणाने यंत्र बंद पडतं. रात्री सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवायला पालकांना सांगा आणि एक जादा सेल तुमच्या टेबलात असू द्या. सेलचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मगच बसवायचा.

एक राहिलं. लिहिणं बंद करा असं मी म्हणत नाही. रोज दहा मिनिटं लिहायला लावा, पण स्वतःच्या मनातलं, आणि त्यातल्या चुका त्या दिवशी लाल करू नका.

आणि वह्या. भरलेला कागद तारीख आणि सही करून वहीत लावा, वही पूर्ण झाली. तपासणीला कुणी विचारलंच तर फळ्यावरून उतरवलेल्या चौतीस सारख्या वह्या आणि हे चौतीस कागद शेजारी ठेवा आणि विचारा, कोणत्या ढिगावरून मुलाला काय येतं ते कळतं. कागद स्टेपल करा. पावसाळ्यात डिंकाने पानं एकमेकांना चिकटतात.