साक्ष द्यायला उठले आणि खोटं बोलले

ताई, जय ख्रिस्त. मी ३६ वर्षांची, मूळची नगरकडची, आता पिंपरीत स्टाफ नर्स. गेल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून कशातच आनंद वाटत नाही. चर्चला जाते, शास्त्र म्हणजे बायबल वाचते. फ्रिजवर ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन लावलंय, ते बघितलं की उलट अपराधी वाटतं. घरसभेतल्या एक मावशी म्हणाल्या, ‘तुझा विश्वास कमी पडतोय.’ गेल्या शुक्रवारी घरसभेत साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला उठले, ‘प्रभूनं मला आनंदानं भरलंय’ म्हणाले आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. झोपही नीट नाही. ख्रिस्तात कायमचा आनंद मिळतो म्हणतात, मग मला का नाही?

— नाव छापू नका

बाई गं,

आधी तुझ्या फ्रिजवरच्या वचनाचं बघू. बायबलातलं फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, चौथं वचन. प्रेषित पौलानं ते कैदेतून लिहिलं हे तू उपदेशात शंभरदा ऐकलं असशील. पण ते पत्र एका बैठकीत सलग वाचलंयस कधी? जेमतेम चार अध्याय आहेत, चहा निवायच्या आत होतात. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाचा सोबती दुखण्यातून मरता मरता वाचल्याचं पौल सांगतो. देवानं त्याच्यावर दया केली तशी माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, म्हणतो. म्हणजे एक दुःख उरावर होतंच. तिसऱ्या अध्यायात तर तो रडत सांगतोय, असं स्वतःच लिहितो. आणि त्यानंतर पाचसहा ओळींत येतं, सर्वदा आनंद करा. रडणारा तोच, आनंद करा म्हणणाराही तोच. आपण त्यातलं एक वचन कापून फ्रिजला लावतो आणि डोळे पुसणारा पौल पाकिटातच राहतो.

पुढे अकराव्या वचनात तो म्हणतो, आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी शिकलो आहे. शिकलो! बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर आलो आणि जमलं, असं नाही.

आपल्याच मातीतलं उदाहरण सांगते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनीच लिहून ठेवलंय की आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. रमाबाईंना, बरं का! मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत शास्त्र आणणाऱ्या बाईला. त्या आठ वर्षांत तुझ्या मावशी त्यांना भेटल्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या, देव जाणे. आणि ख्रिस्त सापडल्यावर शोक चुकला असंही नाही. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा त्यांच्या आधी गेली.

तेव्हा कायमचा आनंद म्हणजे कायम हसरा चेहरा, हे डोक्यातून काढ. मला विचारशील तर तो आनंद म्हणजे रडतानासुद्धा ज्याच्याकडे तोंड करून रडता येतं असं कुणीतरी असणं. तुला आत्ता तो जाणवत नसेल. ठीक आहे. नळ मात्र बंद कर, त्याला ऐकू जाऊ दे.

त्यासाठी काही दिवस फिलिप्पैकरांस बाजूला ठेव आणि स्तोत्र १३ मोठ्यानं वाच. सहाच वचनं. पहिल्या दोनांत दावीद चार वेळा ‘कोठवर’ विचारतो, देवाला, तोंडावर. शेवटी तो गातो खरा, पण तुझा आवाज तिथवर पोचला नाही तर मध्येच थांब. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते शास्त्रातून कुणी काढून टाकलेलं नाही.

आता झोपेचं. तू ओझरता उल्लेख केलास, पण मला तोच खटकला. एलीया संदेष्टा आठव, पहिले राजे, १९ वा अध्याय. रानात झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला आणि झोपला. देवदूतानं त्याला वचन ऐकवलं नाही, विश्वास मोजला नाही. उठवलं, उशाशी निखाऱ्यावरची भाकर नि पाणी ठेवलेलं होतं, म्हणाला, खा. तो खाऊन परत झोपला. देवदूतानं पुन्हा उठवलं, पुन्हा खायला लावलं. तू नर्स आहेस, पेशंटला आधी ‘जेवलात का?’ विचारतेस ना? स्वतःला विचार. नाईट लागोपाठ घेत असशील तर बदलून माग. वर्ष होत आलं, झोप नाही, कशात रस नाही. हे डॉक्टरांना दाखवायचं दुखणं असू शकतं आणि तू पेशंटच्या बाबतीत हे क्षणात ओळखलं असतंस. दवाखान्यात ओळखीचे सगळे म्हणून संकोच वाटत असेल तर १४४१६ वर फोन कर. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर हे पत्र खाली ठेवून आत्ताच कर. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी होत नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या पाळकसाहेबांना आपण असं विचारतो का?

मावशींशी वाद घालू नकोस. त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असणार. येत्या शुक्रवारी साक्षीची वेळ आली की उभी राहा आणि एवढंच म्हण, ‘आज साक्ष नाही, प्रार्थनेची विनंती आहे. मला आईची फार आठवण येते.’ आणि खाली बस.