घरी कुत्र्याचं पिल्लू येणार आहे. चार वर्षांच्या मुलाला आधी कोणतं चित्रपुस्तक वाचून दाखवू?

'हॅरी द डर्टी डॉग' घ्या. गोष्ट जीन झायन यांची, चित्रं मार्गारेट ब्लॉय ग्रॅहम यांची. पुस्तक अमेरिकेतलं, १९५६ सालचं, पण मुलाला मांडीवर घेऊन मराठीत सांगायला अगदी सोपं.

हॅरी पांढरा, अंगावर काळे ठिपके. त्याला आंघोळ सोडून सगळं आवडतं. टबात पाणी सोडल्याचा आवाज आला की हा घासायचा ब्रश परसात पुरून घरातून पळ काढतो. गावभर लोळून, कोळशात घसरगुंडी खेळून इतका मळतो की काळा कुत्रा, पांढरे ठिपके! घरी परततो तर कुणी ओळखेना. येत होत्या तेवढ्या सगळ्या करामती करून दाखवतो, तरी नाहीच. मग ब्रश उकरून काढतो आणि धावत जाऊन टबात उडी मारतो. घरातली मुलंच त्याला साबण लावून घासतात, तेव्हा कुठे ओळख पटते.

मला हे पुस्तक फार मोलाचं वाटतं, कारण यातल्या कुत्र्याला स्वतःची आवडनिवड आहे. पिल्लू म्हणजे खेळणं नव्हे, हे चार वर्षांच्या मुलाला उपदेशानं कळत नाही. हॅरीची घालमेल बघून कळतं. घाई करू नका. प्रत्येक चित्रापाशी थांबून विचारा, 'याला आत्ता काय वाटत असेल? शेपूट कशी आहे बघ बरं.' हीच सवय पुढे खऱ्या पिल्लाच्या वेळी उपयोगी पडते. शेपूट पायांत घालणं, तोंड फिरवणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, ही बहुतेक वेळा 'आता पुरे'ची खूण असते.

'गुड डॉग, कार्ल' हे अलेक्झांड्रा डे यांचं १९८५ चं पुस्तकही कुणीतरी सुचवेलच. चित्रं देखणी आहेत, शब्द नावापुरते. पण त्यात आई बाळाला रॉटवायलर जातीच्या कुत्र्याच्या भरवशावर सोडून बाहेर जाते आणि बाळ त्याच्या पाठीवर बसून घरभर फिरतं. तुमचा मुलगा तेच करून बघेल. पिल्लू रुळेपर्यंत हे पुस्तक बाजूलाच ठेवा.

आणि एक. पिल्लाची जेवायची व झोपायची जागा मुलालाच ठरवू द्या. पिल्लू तिथे असताना त्याला हात लावायचा नाही, हा नियमही त्याच्याच तोंडून सगळ्यांना सांगू द्या. स्वतः केलेला नियम मुलं जास्त पाळतात. तरीही दोघांना एकटं सोडू नका.