एजंटने टॅग जोडले, पण लूप चेक झाला का?

पीएलसीचे (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरचे) व्हेरिएबल, म्हणजे टॅग, एआय एजंटकडून (स्वतः टूल चालवणाऱ्या एआय प्रोग्रॅमकडून) जोडून घेण्याबद्दलची पत्रे वाढली आहेत आणि बहुतेकांत घोळ एकच आहे: सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही, म्हणजे जोडणी बरोबर. तसे नसते. म्हणून या वेळी याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: एजंट व्हेरिएबल जोडतो म्हणजे नेमके काय करतो?

प्रोग्रॅममधल्या इनपुट-आउटपुट व्हेरिएबलची हार्डवेअरच्या चॅनेलशी (जिथे उपकरणाची वायर येते) गाठ घालतो. त्यासाठी इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरने बाहेरून वापरायला दिलेली फंक्शन्स तो चालवतो. बेकहॉफच्या ट्विनकॅट सॉफ्टवेअरच्या ऑटोमेशन इंटरफेसमध्ये दोन्ही टोकांचे पूर्ण पाथ दिले की लिंक करणारे फंक्शन आहे. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलसाठी तसाच ओपननेस आहे. कुठला टॅग कुठल्या चॅनेलला जायचा, हे मात्र एजंट तुम्ही दिलेल्या यादीवरून आणि नावांवरून ठरवतो.

प्रश्न: यासाठी एमसीपी (एआयला बाहेरच्या टूलशी जोडण्याची ठरलेली पद्धत) लागतेच असे ऐकले. खरे का?

नाही. एमसीपी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले, ऑटोमेशन इंटरफेस त्याच्या आधीपासून आहे. आयओ लिस्ट (कुठला सिग्नल कुठल्या चॅनेलवर याची यादी) नीट असेल तर साधी स्क्रिप्ट पुरते, आणि ती दर वेळी तेच करते.

प्रश्न: एजंटने आमचे सगळे टॅग जोडले, बिल्डला एकही एरर नाही. टूल विकणारे म्हणतात की जोडणी शंभर टक्के अचूक असते, लूप चेक (उपकरणापासून स्क्रीनपर्यंत प्रत्येक सिग्नल तपासणे) करायची गरज नाही. कमिशनिंगचे (प्लांट सुरू करतानाच्या तपासणीचे) दिवस वाचवावेत का?

वाचवू नका. हे जे कोणी सांगत आहे, त्याला आधी तुमच्या पॅनेलसमोर उभे करा.

कंपायलर टाइप तपासतो, अर्थ तपासत नाही. एका व्हॉल्व्हला दोन लिमिट स्विच आहेत असे धरा, झेडएसओ-१०१ उघडल्याचा आणि झेडएससी-१०१ बंद झाल्याचा. दोन्ही बूल, म्हणजे फक्त हो किंवा नाही सांगणारे. एजंटने अदलाबदल केली, किंवा एजंटने बरोबर जोडले पण वायरमनने टर्मिनलवर उलटे लावले, तरी बिल्ड स्वच्छच होईल. मग व्हॉल्व्ह बंद असताना पीएलसीला तो उघडा दिसतो, इंटरलॉक (पंपाला अडवणारी सुरक्षेची अट) सुटतो आणि पंप बंद व्हॉल्व्हवर चालू होतो. यात एरर कुठे येणार? सॉफ्टवेअरच्या दृष्टीने काही चुकलेलेच नाही.

अॅनालॉगमध्ये चूक आणखी दडून राहते. सीमेन्सच्या मोड्यूलवर पूर्ण रेंजचा रॉ (स्केल न केलेला) आकडा २७६४८ असतो, बेकहॉफच्या नेहमीच्या टर्मिनलवर ३२७६७. ० ते १० बारसाठी ४ ते २० मिलिअँपिअर देणाऱ्या ट्रान्समीटरकडून १२ मिलिअँपिअर येत आहेत, म्हणजे दाब ५ बार. सीमेन्सचे मोड्यूल १३८२४ देते. एजंटने स्केलिंगचा (रॉ आकड्याचे बार करणारा) ब्लॉक दुसऱ्या प्रोजेक्टमधून उचलला आणि त्यात ३२७६७ राहिले, तर स्क्रीनवर सुमारे ४.२ बार दिसेल. ४.२ कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. ऑपरेटर त्यावरच सेटपॉइंट लावतो.

एजंटचा "सर्व लिंक यशस्वी" हा निरोप एवढेच सांगतो की फंक्शन चालले. लूप चेक म्हणजे एक माणूस फील्डमध्ये उपकरणापाशी आणि दुसरा स्क्रीनसमोर. तिकडे लिमिट स्विच हाताने दाबायचा, ट्रान्समीटरला कॅलिब्रेटरने ४, १२ आणि २० मिलिअँपिअर द्यायचे, इकडे तोच टॅग आणि तोच आकडा हलतो का ते पाहायचे आणि शीटवर दोघांनी सही करायची. सॉफ्टवेअरमधून इनपुट फोर्स करून (जबरदस्तीने किंमत देऊन) स्क्रीनवरचा दिवा लावणे हा लूप चेक नव्हे. त्यातून वायरबद्दल काहीही कळत नाही. एजंटने टायपिंगचे दिवस वाचवले असतील तर ते इथे खर्च करा. शीट कशी असावी हे तुमच्या कमिशनिंग इंजिनिअरबरोबर बसून ठरवा, टूल विकणाऱ्याबरोबर नाही.

प्रश्न: मोडबसवरून (उपकरणांना जोडणाऱ्या प्रोटोकॉलवरून) येणारे तापमान ०.०० दिसते. एजंट म्हणतो लिंक बरोबर आहे.

लिंक बरोबर असेलही, वर्डचा क्रम उलटा असावा. मोडबसचे रजिस्टर १६ बिटांचे, रिअल (दशांश आकडा) ३२ बिटांचा, म्हणून तो दोन रजिस्टरांत येतो. २५.० हा आकडा हेक्समध्ये ४१सी८ आणि ०००० असा असतो. हे दोन उलटे वाचले की इतकी सूक्ष्म संख्या मिळते की स्क्रीन ती शून्यच दाखवते. क्रम बरोबर निघाला तर ४०००१ आणि पत्ता ० (एकाच रजिस्टरची दोन लिखाणे) यांतला एकाचा फरक पाहा. मीटरचे मॅन्युअल उघडा, त्यात नसेल तर मीटर बनवणाऱ्या कंपनीला विचारा. एजंटला पुन्हा पुन्हा विचारून हे सुटणार नाही.

प्रश्न: इमर्जन्सी स्टॉप आणि सेफ्टीचे सिग्नलही एजंटला जोडू द्यावेत का?

नाही. सेफ्टी प्रोग्रॅममधला कुठलाही बदल सेफ्टी इंजिनिअरनेच करायचा आणि त्यानंतर त्याची पुन्हा तपासणी व्हायलाच हवी.

प्रश्न: प्लांट चालू असताना एजंटला ऑनलाइन प्रोजेक्टवर सोडले तर?

सोडू नका. ट्विनकॅटमध्ये नवी मॅपिंग (टॅगची जोडणी) लागू करायला कॉन्फिगरेशन अॅक्टिव्हेट करावे लागते आणि त्यात रनटाइम पुन्हा सुरू होतो. चालू मशिनवर याचा अर्थ काय, ते प्रॉडक्शनवाल्यांना विचारा. एजंटला ऑफलाइन कॉपी द्या, आधीची आणि नंतरची मॅपिंग शेजारी ठेवून माणसाकडून वाचून घ्या, बॅकअप घ्या आणि मगच ठरलेल्या शटडाउनमध्ये डाउनलोड करा.

प्रश्न: एजंटने जोडल्यापासून एका टाकीची लेव्हल सतत उणे २५ टक्के दिसते. पुढच्या शटडाउनला पाहिले तर चालेल?

चालणार नाही, आणि इतके दिवस थांबायलाच नको होते. ४ ते २० मिलिअँपिअर सरळ रेषेत स्केल केले असतील, तर उणे २५ टक्के म्हणजे चॅनेलवर शून्य करंट. नामूर या प्रोसेस उद्योगातल्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीप्रमाणे ३.६ मिलिअँपिअर किंवा त्याखालचा करंटसुद्धा बिघाड धरला जातो. बहुधा एकतर वायर तुटली आहे, नाहीतर तुमचा टॅग रिकाम्या स्पेअर चॅनेलला जोडला गेला आहे. दोन्ही शक्यतांत टाकीची खरी लेव्हल पीएलसीला माहीतच नाही. त्या लेव्हलवर पंपाचा ड्राय-रन इंटरलॉक (पंप कोरडा चालू नये म्हणून) किंवा ओव्हरफ्लोचा अलार्म आहे का, हे प्रोसेस इंजिनिअरला आजच विचारा. तोवर लेव्हल गेज-ग्लासवर पाहून लॉगबुकात लिहायला माणूस ठेवा आणि इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनला लूपमध्ये मल्टिमीटर लावून करंट मोजायला सांगा.