इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांमधल्या कोर्तिनाला दोनच दिवस आहेत. सत्तरीच्या सासू-सासऱ्यांना हॉटेलवर ठेवून त्रे चिमेचे तीन सुळके आणि सोरापिस तलाव एकाच दिवशी उरकावं का?

नाही. दोन्ही एका दिवशी करू नका, आणि सासू-सासऱ्यांना हॉटेलवर तर अजिबात ठेवू नका. पहिल्याचं उत्तर लगेच देते, दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

सोरापिसला त्रे क्रोची खिंडीतून २१५ नंबरची वाट जाते. जायला दोन तास, यायला जवळपास तेवढेच. मध्ये कड्याला चिकटून गेलेला अरुंद टप्पा आहे, धरायला लोखंडी दोर लावलेत, आणि ऑगस्टात त्या दोराला दोन्ही बाजूंनी रांग लागते. तलाव दुधी निळा दिसतो तो हिमनदीने दळलेल्या दगडाच्या भुकटीमुळे. सुंदर आहे, वाद नाही. पण तिथून परत येऊन त्रे चिमे म्हणजे दिवस पार्किंग शोधण्यात घालवायचा. मिसुरिनाकडून आउरोन्झो रिफुज्योपर्यंत (रिफुज्यो म्हणजे डोंगरातलं विश्रांतिगृह; २,३२० मीटर) टोलचा रस्ता आहे आणि उन्हाळ्यात गाडीसाठी आता आधी ऑनलाइन नोंदणी लागते. वर पोचल्यावर जे दिसतं ती त्या तीन सुळक्यांची पाठ. फोटोतला चेहरा पाहायचा तर लावारेदो खिंडीपर्यंत (२,४५४ मीटर) चढावं लागतं. निम्मे लोक पाठीचा फोटो काढून परततात आणि त्यांना ते कळतही नाही.

म्हणून एक दिवस त्रे चिमे, सगळ्यांनी मिळून. आउरोन्झो ते लावारेदो रिफुज्यो रुंद, जवळपास सपाट रस्ता आहे, सत्तरीची माणसं रमतगमत जातात. खिंडीचा शेवटचा चढ तुम्ही करा, त्यांना रिफुज्योवर कॉफी घेऊ दे. सोरापिस सोडा.

आता दुसरा दिवस. तुमच्या प्रश्नातलं ‘हॉटेलवर ठेवून’ हे वाचलं आणि मला माझा दादा आठवला.

मी म्युनिकला राहते. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा त्यांना कोर्तिनाला न्यायचं मी ठरवलं. दादाचा पुण्याहून फोन: “बाबांना डोंगर कशाला दाखवतेस? गुडघे बघ त्यांचे. पिसाचा मनोरा दाखव, व्हेनिसला नावेत बसव, फोटो पाठव. त्यांना आणखी काय लागतं?” त्यांना काय लागतं हे बाबांना कोणी विचारलंच नव्हतं. दादाने तर नाहीच. तो त्यांच्यासमोर बसूनही “बाबांना झेपणार नाही” असं माझ्याशी बोलतो, जणू ते खोलीत नाहीतच.

बाबा कोयना प्रकल्पावर होते. आम्ही अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलो. चौथ्या टप्प्याचे बोगदे खोदले जात होते तेव्हा ते पाळी करून घरी यायचे तेव्हा कपड्यांना दगडाच्या धुळीचा आणि दारूचा वास असायचा. दारू म्हणजे सुरुंगाची, गैरसमज नको. १३ मार्च १९९९ ला शिवसागराच्या तळाखालचा शेवटचा खडक उडवून बोगदा जलाशयाला जोडला, त्याची गोष्ट आमच्या घरी पाहुण्यांना जेवणाआधी ऐकावी लागते. अशा माणसाला पिसाचा मनोरा दाखवा म्हणे!

तर आम्ही फाल्झारेगो खिंडीत पोचलो. कोर्तिनाहून वळणावळणाचा रस्ता आहे, बसही जाते. २,१०५ मीटरवर गाडी लावली. समोर लागात्सुओईचा कडा सरळ उभा, आणि त्याच्या पायथ्याशी दगडांची भलीमोठी घसरण पसरलेली. सगळे पर्यटक रोपवेच्या तिकिटाच्या रांगेकडे पळत होते. बाबा गाडीला टेकून त्या घसरणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हा डोंगर पडलेला नाही. पाडलाय.”

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. वरच्या भागातला दगड काळवंडलेला आणि मधला फिकट, नव्याने फुटलेला, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं.

खरंच पाडलाय. १९१५ च्या मे महिन्यात इटली ऑस्ट्रियाविरुद्ध पहिल्या महायुद्धात उतरली आणि सीमा नेमकी या डोंगरांमधून जात होती. कोर्तिना तेव्हा इटलीत नव्हतंच. १५११ पासून ते हॅब्सबर्गांच्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या, तिरोल प्रांतात होतं, लोक लादिन भाषा बोलायचे (अजूनही बोलतात) आणि गावातले तरुण ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी लढायला गेलेले. महिनाअखेरीस इटालियन सैन्य गावात शिरलं. ऑस्ट्रियनांनी गाव सोडून मागचे डोंगरमाथे धरले होते. लागात्सुओईच्या माथ्यावर ते, आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत इटालियन आल्पिनी (डोंगरी सैनिक) कड्याच्या मधोमध असलेल्या एका पट्टीवर चढून बसले. मार्तिनी नावाच्या मेजरवरून तिला चेंजा मार्तिनी म्हणतात. डोक्यावर शत्रू, पायाखाली दरी, आणि तिथं हे लोक दोन हिवाळे राहिले. त्यांना हटवता येईना म्हणून ऑस्ट्रियनांनी वरून डोंगर पोखरून सुरुंग लावले: १९१७ च्या जानेवारीत १६ टन, मे महिन्यात ३० टनांहून जास्त. इटालियनांनी खालून वर बोगदा खोदला आणि २० जून १९१७ ला ३३ टन स्फोटकांनी वरचा एक सुळका उडवला. ऑस्ट्रियनांना ड्रिलचा आवाज येत होता, ते आधीच तिथून मागे सरकले होते. चार महिन्यांनी कापोरेत्तोला, इथून फार दूर, इटालियन आघाडी कोसळली आणि हे सगळं सोडून त्यांना निघून जावं लागलं. एवढं पोखरून हाती काय, तर ती घसरण.

रोपवे काही मिनिटांत २,७५० मीटरपर्यंत नेतो. गुडघ्यांचा प्रश्नच येत नाही. वरच्या स्टेशनाला लागूनच खंदक, लाकडी फळ्यांच्या पायवाटा, दगडात कोरलेल्या राहायच्या खोल्या नीट दुरुस्त करून ठेवल्यात. समोर मार्मोलादाची हिमनदी दिसते. १३ डिसेंबर १९१६ ला तिथं हिमकडा कोसळून ऑस्ट्रियन छावणीतले शेकडो सैनिक गाडले गेले. या आघाडीवर बर्फ आणि थंडीनेही गोळ्यांइतकाच धुमाकूळ घातला, हे वर उभं राहिल्यावर, ऑगस्टातही स्वेटर घालून, पटतं.

बाबा रिफुज्योच्या गच्चीकडे फिरकलेच नाहीत. एका खोदलेल्या खोलीत शिरून भिंतीवर हात फिरवत होते. ड्रिलच्या खुणा अजून दिसतात. “आपल्या काळ्या पाषाणापेक्षा मऊ आहे. पण थंडीत कॉम्प्रेसर कसा चालवला असेल? आणि पाणी?” एक इटालियन गृहस्थ मुलांना काहीतरी समजावत होते, बाबा त्यांच्याशी मराठीत आणि हातवाऱ्यांत बोलू लागले, आणि ते दोघे कशावर तरी सहमतही झाले. मला आजतागायत कळलेलं नाही कशावर.

इटालियन बोगदा माथ्याजवळून खाली उतरतो. सुमारे १,१०० मीटर लांब, उंच पायऱ्या, ओलावा, मिट्ट अंधार, धरायला दोर. बाबा हेल्मेट घालून थोडं आत आले, पायऱ्यांची उंची पाहिली आणि स्वतःच म्हणाले, “हे माझं काम नव्हे. तू जा. मक कुठून बाहेर टाकला तेवढं बघून ये.” मक म्हणजे स्फोटानंतरचा दगडमाती. ते रोपवेने खाली गेले, मी बोगद्याने उतरले. वाटेत कड्याच्या बाजूला खिडक्या फोडल्यात, उजेड येतो, वारा येतो, आणि खाली थेट दरी. खाली पोचून मी खिडक्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी परीक्षकासारखी मान हलवली. “तेच. आणखी कुठे टाकणार?”

संध्याकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी त्याला स्टेमिंग समजावून सांगितलं: दारू भरल्यावर मागचं तोंड नीट बुजवलं नाही तर स्फोट आपल्याच बोगद्यात परत येतो. दादा “हो बाबा, हो बाबा” करत होता. नंतर मला वेगळा मेसेज: “दमले असतील ना? उद्या आराम करू दे.” दुसऱ्या दिवशी आराम वगैरे काही नव्हता. आम्ही चिंक्वे तोर्रीला गेलो.

हे तुमच्यासाठीही सांगते. बाई दे दोनेस इथून खुर्चीचा रोपवे स्कोयात्तोली रिफुज्योला (२,२५५ मीटर) पोचवतो. समोर पाच सुळक्यांचा समूह आणि त्यांच्याभोवती इटालियन तोफखान्याचे खंदक, उघड्यावरचं संग्रहालय. सगळ्यांत मोठा सुळका २,३६१ मीटर. २००४ मध्ये त्यातला त्रेफोर नावाचा एक आपणहून कोसळला. त्याचे तुकडे तिथंच पडलेत. खंदकांतून फिरायला तासभर पुरतो, वाट बरी आहे, पण दगडगोट्यांची. काठी असू द्या. इथून लागात्सुओई समोरच दिसतो, त्यामुळे आधी तिकडे जाऊन आलात तर कोण कुठून कोणावर तोफ डागत होतं ते आपोआप उलगडतं. तुमच्याकडे दोन्हींसाठी वेगळे दिवस नाहीत, तेव्हा सकाळी लागात्सुओई, दुपारी हे; दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. १९५६ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या जागा, बाजारपेठ वगैरे गावात आहेच, ती चालता चालता दिसते, त्यासाठी वेगळा वेळ काढू नका.

सासू-सासरे शाकाहारी असतील तर कासुन्त्सिएई मागवा. बीटचं सारण भरलेले अर्धचंद्र, वर लोणी आणि खसखस. हे इथलंच आहे. कानेदेर्लीच्या गोळ्यांत बहुतेकदा डुकराचं मांस असतं, विचारून घ्या.

माझं मत कडक वाटेल, पण वयस्कर माणसांना काय झेपेल हे आपण आपल्या सोयीने ठरवतो. त्यांना मागे ठेवलं की आपल्याला भराभर चालता येतं, हे खरं कारण असतं, आणि नाव त्यांच्या गुडघ्यांचं. सासऱ्यांना विचारा तरी. नाही म्हणाले तर प्रश्न मिटला.

हां, आता ज्या गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या त्या. कोणाला हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर २,७५० मीटरवर एकदम जाण्याआधी डॉक्टरांशी बोला. बाबांना तसा त्रास नव्हता. बोगद्यात मुलांना नेणार असाल तर हेल्मेट आणि डोक्यावरचा दिवा प्रत्येकाला हवा, मोबाइलच्या उजेडावर उतरू नका. ऑगस्टात दुपारी विजा चमकतात, म्हणून पहिल्या रोपवेने वर जा. १५ ऑगस्टला इटलीत सुट्टी असते, तो आठवडा टाळता आला तर टाळा. आणि सकाळी रोपवेच्या संकेतस्थळावरचा कॅमेरा बघून मगच तिकीट काढा. वर नुसतं धुकं असेल तर फाल्झारेगोहून थोडं पुढे वालपारोला खिंडीकडे जा. तिथं ऑस्ट्रियनांचा त्रे सास्सी किल्ला आहे, जुलै १९१५ मध्ये इटालियन तोफांनी फोडलेला, आत आता संग्रहालय आहे. रस्त्याला लागूनच आहे, चढ नाही.