परवाना रद्द झाला, तरी धरण चालू कसं?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. २०२३ च्या नोव्हेंबरात मुलाकडे अमेरिकेत, मेरीलँडला गेलो होतो. त्याने आम्हाला ससक्वेहाना नदीवरचं कोनोविंगो धरण दाखवलं. धरणाखाली कितीतरी लोक मोठमोठे कॅमेरे लावून गरुड टिपत उभे होते. मुलगा म्हणाला, "बाबा, पाण्याच्या मुद्द्यावर कोर्टाने या धरणाचा परवानाच रद्द केलाय." पण जनित्रं तर चालू होती! मी कराडचा, कोयनेच्या काठी वाढलो. धरणाला परवाना असतो आणि तो रद्दही होतो, हे मला नवीनच. डोक्यातून जात नाही. खुलासा करावा.
— एक वाचक, कराड

उत्तर : नमस्कार. आधी चालू जनित्रांचं सांगते. अमेरिकेत खासगी कंपनीच्या जलविद्युत धरणाला केंद्रीय ऊर्जा नियामक आयोग मुदतीचा परवाना देतो, साधारण ३० ते ५० वर्षांचा. मुदत संपली आणि नवा परवाना अडकला, तर जुन्याच अटींवर वर्षावर्षाचा परवाना मिळत राहतो. कोनोविंगो १९२८ साली उभं राहिलं, क्षमता ५७२ मेगावॉट, म्हणजे आपल्या कोयनेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. त्याचा जुना परवाना २०१४ मध्ये संपला. तुम्ही पाहिलीत ती वीज अशा वार्षिक परवान्यावर तयार होत होती.

आता पाण्याचं. तिथल्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यात ४०१ नावाचं कलम आहे. धरण ज्या राज्यात आहे, त्या राज्याने 'यामुळे आमच्या पाण्याचा दर्जा राखला जाईल' असं प्रमाणपत्र दिल्याशिवाय केंद्राला परवाना देता येत नाही. राज्य त्यात अटी घालू शकतं आणि त्या अटी परवान्याचाच भाग होतात. राज्य वर्षभरात काहीच बोललं नाही, तर मात्र त्याचा हक्क जातो.

मेरीलँडने २०१८ मध्ये प्रमाणपत्र दिलं आणि अट कडक घातली : दरवर्षी सुमारे २७ लाख किलो नत्र आणि १ लाख १८ हजार किलो स्फुरद नदीतून कमी करा, नाहीतर वर्षाला सुमारे १७ कोटी २० लाख डॉलर भरा. कंपनी कोर्टात गेली. २०१९ मध्ये तडजोड झाली. कंपनीने ५० वर्षांत मिळून २० कोटी डॉलरच्या वर खर्च करायचा आणि राज्याने आपला प्रमाणपत्राचा हक्क सोडून द्यायचा. एका वर्षाला मागितलं त्याहून थोडंच जास्त, तेही पन्नास वर्षांसाठी! २०२१ मध्ये आयोगाने त्यावर ५० वर्षांचा परवाना देऊनही टाकला. नदी राखणाऱ्या संस्था कोर्टात गेल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने परवाना रद्द केला. कारण सरळ होतं : राज्याने वेळेत प्रमाणपत्र दिलेलं आहे, ते मागाहून 'दिलंच नाही' असं धरता येणार नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पाण्याच्या दर्जावरचा हक्क सरकारकडे विश्वासाने ठेवलेला असतो, तो सौद्यात सोडायचा नसतो.

कंपनीची बाजूही खोटी नाही. तो नत्र-स्फुरद धरणाने तयार केला नाही. तो वरच्या पेनसिल्व्हेनियातल्या शेतांतून, गोठ्यांतून, गावांतून येतो. उलट धरणाने कितीतरी दशकं गाळ अडवून खालच्या चेसापीक उपसागराची राखणच केली. पण तो जलाशय आता गाळाने जवळजवळ भरला आहे आणि मोठ्या पुरात साठलेला गाळ उखडून खाली जातो. उपसागराला गोड्या पाण्यातलं निम्मं याच नदीचं मिळतं. तिथे नत्र-स्फुरदाने शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. नदी अडवून शंभर वर्षं कमाई करणाऱ्याने गाळाचा वाटा उचलायला नको का?

आणि धरणाचं स्वतःचं असं काही असतंच. मी सव्वीस वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. एका धरणाच्या पायथ्याशी मे महिन्यात नमुना घ्यायला गेले, तेव्हा जनित्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास होता. उन्हाळ्यात खोल जलाशयाचे थर पडतात. वरचं पाणी गरम आणि हलकं, तळाचं गार, आणि त्यातला प्राणवायू हळूहळू संपलेला. जनित्राला पाणी खालच्या थरातून मिळालं, तर तेच नदीत पडतं. दिसायला काचेसारखं स्वच्छ! आमची बाटली काठोकाठ भरून, एक बुडबुडाही राहू न देता बूच लावावं लागे. बुडबुड्यातली हवा पाण्यात मिसळली की आकडा खोटा. असं पाणी सुधारता येतं. कोनोविंगोतही उन्हाळ्यात जनित्रांतून जाणाऱ्या पाण्यात हवा मिसळतात. वीज थोडी कमी मिळते, बंद पडत नाही. आपल्या पाला (हिलसा) माशासारखा समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारा शॅड मासा तिथे आहे, त्याच्यासाठी पाळण्यासारखी लिफ्ट आहे. पण ती पुरी पडत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य, कंपनी आणि नदी राखणाऱ्या संस्था यांच्यात नवा समझोता झाला, ३४ कोटी डॉलरहून अधिकचा. या वेळी राज्याने प्रमाणपत्राचा हक्क सोडला नाही. रक्कम पुरेशी आहे का, यावर वाद घालता येईल. पण संस्था टेबलाशी बसल्या त्या २०२२ च्या निकालामुळे, हे विसरता येत नाही.

कोयनेला असा मुदतीचा परवाना नाही. त्यामुळे 'या पाण्याचं काय केलंत?' असं पन्नास वर्षांनी विचारायची वेळच कायद्यात येत नाही. बरंचसं पाणी घाट उतरून, वीज झाल्यावर, अवजल म्हणून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत जातं, उरलेलं तुमच्या प्रीतिसंगमाला येतं. पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडल्याची बातमी तुम्ही नेहमी वाचत असाल. पुढच्या वेळी माहिती अधिकारात अर्ज करा आणि त्या पाण्यातला विरघळलेला प्राणवायू किती होता, ते विचारा. मे महिन्यातला आकडा मागा, तोही धरणाच्या अगदी खालचा. संगमावरचा नको. तिथवर येईतो खडकांवर आपटून नदीने बरीच हवा घेतलेली असते.