वाचकांचे प्रश्न : लॅप टाइम आणि गाडीतली नोंदयंत्रे

या अंकासाठी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत. ट्रॅकवर गाडी चालवताना वेग, जागा आणि वेळ टिपून घेणारी यंत्रे बाजारात सहज मिळू लागली आहेत, पण त्यांच्या नोंदींचा उपयोग कसा करावा, हे अनेकांना उमगत नाही. कोकणातून कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकपर्यंत जाण्यात लागणारा वेळ आणि पैसा पाहता, तिथे मारलेला प्रत्येक लॅप, म्हणजे ट्रॅकची प्रत्येक फेरी, घरी आल्यावर नीट वाचता यावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

प्रश्न : कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर मी माझी पेट्रोल हॅचबॅक घेऊन ट्रॅक डेला (आपली गाडी ट्रॅकवर चालवण्याच्या दिवशी) जातो. २५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २५ नोंदी घेणारा, जीपीएस रिसीव्हर घेऊन फोनला जोडला आहे. लॅप टाइम दिसतो, पण कमी होत नाही. माझीच गाडी माझा मित्र माझ्यापेक्षा तीन सेकंदांनी जलद नेतो. ब्रेक उशिरा लावून पाहिले, तर वेळ उलट वाढली. नोंदींत नेमके काय पाहावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : यंत्रापेक्षा मोलाची गोष्ट आपल्या हाती आधीच आली आहे. ती म्हणजे आपल्याच गाडीतली जलद चालकाची नोंद. एकाच दिवशी, त्याच टायरांवर मारलेल्या दोन लॅपमध्ये तीन सेकंदांचा फरक पडत असेल, तर तो गाडीच्या माथी मारता येत नाही. हे पचायला थोडे जड जाते, पण शोध इथूनच सुरू करावा लागतो.

लॅप टाइमचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. कारीचा ट्रॅक साधारण २.१ किलोमीटरचा आहे आणि तेवढ्या अंतरात तीन सेकंद एका जागी हरवत नाहीत, थोडे थोडे करून सांडतात. ॲपमध्ये आपला आणि मित्राचा सर्वोत्तम लॅप एकावर एक ठेवून वेगाचा आलेख उघडा, मात्र आडव्या अक्षावर वेळ न घेता अंतर घ्या. वेळ घेतली, तर पहिल्या वळणानंतर दोन्ही रेघा एकमेकींपासून सरकतात आणि आपण ट्रॅकवरच्या दोन वेगळ्या जागांची तुलना करत बसतो. त्याच आलेखाखाली दोन लॅपमधल्या वेळेच्या फरकाची रेघ मिळते. ती जिथे चढते तिथे आपण मागे पडत आहात, हे खरे, पण कारण बहुधा तिथे नसते. सरळ रस्त्यावर ती हळूहळू चढत असेल, तर पाणी त्याच्या आधीच्या वळणात मुरते आहे असे समजावे.

आकड्यांत पाहू. समजा, एका वळणातून आपण ताशी ७२ किलोमीटर वेगाने बाहेर पडता आणि पुढे ३०० मीटरचा सरळ रस्ता आहे. गाडीचा वेग दर सेकंदाला सरासरी २ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो असे धरले, तर हे अंतर कापायला १० सेकंद लागतात. तेच वळण ७५ च्या वेगाने सोडले, तर ९.८ सेकंद लागतात. बाहेर पडतानाच्या ताशी तीन किलोमीटरची किंमत एका सरळ रस्त्यावर दोन दशांश सेकंद इतकी होते.

आता उशिरा ब्रेक लावण्याचा हिशेब करू. १४४ वरून ७२ वर यायला ०.८ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतके बल) इतक्या दाबाने ब्रेक लावल्यास सुमारे ७६ मीटर लागतात. तोच दाब ०.८५ जी पर्यंत वाढवला, तर ७२ मीटर पुरतात, म्हणजे ब्रेक चार-साडेचार मीटर पुढे नेता येतो. एवढी छाती करून हाती लागतात जेमतेम चार शतांश सेकंद. आणि दाब न वाढवता नुसताच ब्रेक पुढे ढकलला, तर गाडी वळणात जास्त वेगाने शिरते, तिचे नाक बाहेर जाते, ती सावरेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबता येत नाही आणि वर पाहिलेले दोन दशांश जातात. आपली वेळ वाढली ती याच हिशेबाने वाढली असावी. आलेखात याची खूण ओळखता येते. वेगाचा तळ वळणाच्या मध्याच्या पुढे सरकलेला असतो आणि तो टोकदार न राहता पसरट होतो. मित्राच्या रेघेत तळ अलीकडे आणि थोडा वर असेल, आणि तिथून त्याची रेघ लगेच चढू लागलेली दिसेल.

दुसरी खूण पुढे-मागे जाणाऱ्या बलाच्या, म्हणजे जी च्या रेघेत असते. ब्रेक सोडल्यापासून ॲक्सिलरेटर दाबेपर्यंत ही रेघ शून्याच्या आसपास आडवी पडून राहिली असेल, तर त्या काळात आपण दोन्हींपैकी काहीच करत नव्हता. ताशी ७२ च्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी १० मीटर पुढे जाते, आणि नवशिक्यांच्या नोंदींत असे रिकामे मीटर जवळजवळ प्रत्येक वळणावर सापडतात. यावर उपाय ब्रेक लावण्याच्या जागेत शोधण्यापेक्षा तो सोडण्याच्या पद्धतीत शोधावा. पाय एकदम न उचलता, स्टिअरिंग जसजसे वळते तसतसा दाब कमी करत न्यावा. माझ्या मते ट्रॅकवर ब्रेक लावायला शिकण्यापेक्षा सोडायला शिकणे अधिक अवघड आहे, आणि यंत्राचा खरा उपयोग तिथेच होतो.

वळणाची त्रिज्याही तपासावी. ०.९ जी इतकी पकड असलेल्या टायरांवर ५० मीटर त्रिज्येचे वळण ताशी सुमारे ७६ ने घेता येते. रस्त्याची पूर्ण रुंदी वापरून हीच त्रिज्या ५५ मीटर केली, तर वेग ७९ वर जातो. मात्र नकाशावर उमटलेल्या आपल्या मार्गावर फार विसंबू नका. जीपीएसने दाखवलेल्या जागेत काही मीटरची चूक असू शकते, तर वेग उपग्रहाच्या लहरींच्या डॉप्लर बदलावरून (हालचालीमुळे लहरींच्या वारंवारितेत पडणाऱ्या फरकावरून) काढला जात असल्याने तो बराच भरवशाचा असतो. आपण बाहेरच्या कडेपर्यंत गेला होता की नाही, हे सांगायला कॅमेरा हवा.

पुढच्या खेपेस सर्वांत लांब सरळ रस्त्याच्या आधीचे एकच वळण निवडा आणि एका सेशनमध्ये त्यात एकच बदल करा. गाडी चालवताना पडद्यावरचे चढउतार पाहू नका, मी तर पडदा झाकूनच ठेवण्याच्या मताचा आहे. आणखी एक सावधगिरी म्हणजे ॲप वेगवेगळ्या लॅपचे सर्वोत्तम तुकडे जोडून जो ‘थिऑरेटिकल बेस्ट’ दाखवते, त्याच्या मागे लागू नका. एका तुकड्यात अति वेगाने शिरून मिळवलेली वेळ पुढच्या तुकड्यात परत करावी लागते, आणि ती उधारी या आकड्यात दिसत नाही.

प्रश्न : वेगळे यंत्र न घेता फोनवर भागेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : लॅप टाइमपुरते भागेल, वळण वाचण्यासाठी भागणार नाही. ताशी १४४ च्या वेगात गाडी सेकंदाला ४० मीटर जाते. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच जागा टिपतात, म्हणजे दोन नोंदींत ४० मीटरचे अंतर पडते आणि ब्रेक कुठे लावला हे त्यातून कळण्याची शक्यता उरत नाही. १० हर्ट्झच्या रिसीव्हरवर हेच अंतर ४ मीटर होते, २५ हर्ट्झवर १.६ मीटर. रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटाइमर यांसारख्या ॲपला १० हर्ट्झचा बाहेरचा रिसीव्हर जोडला, तरी हौशी चालकाला पुरेसे होते. व्हीबॉक्स आणि एआयएम यांची यंत्रे व्यावसायिक संघही वापरतात, तर २०२० मध्ये आलेले गार्मिन कॅटलिस्ट चालकाला कानात बोलून सूचना देते. सोय उत्तम आहे, पण खिशात मर्यादित पैसे असतील, तर आधी चांगले ब्रेक पॅड घ्यावेत असे मी सांगेन. रिसीव्हर डॅशबोर्डवर किंवा छतावर आकाश मोकळे दिसेल असा घट्ट बसवावा आणि उपग्रह सापडल्याशिवाय ट्रॅकवर उतरू नये.

प्रश्न : ट्रॅक फार लांब पडतो. पहाटे आंबोली घाटात वाहतूक नसते. यंत्र लावून तिथे सराव केला तर?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : करू नये. राज्य सरकारच्या लेखी परवानगीविना सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि पहाटेच्या धुक्यात वळणापलीकडे दुधाची गाडी आहे की गुरे, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. शिवाय ती नोंदही कुचकामी ठरते. एका बाजूचा कडा आणि वरची झाडी उपग्रह झाकतात, त्यामुळे वेगाची रेघ मध्येच तुटते किंवा उड्या मारते. सरावच हवा असेल, तर घाट चढून कोल्हापूरला कार्टिंग करावे. ब्रेक हळूहळू सोडण्याची सवय कार्टमध्येही लागते.

प्रश्न : चेन्नईच्या ट्रॅकवर माझे पहिले तीन-चार लॅप चांगले जातात, मग प्रत्येक लॅपला वेळ वाढत जाते. मी थकतो की टायर तापतात, हे नोंदींवरून कळेल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : कळेल, आणि आपला पत्ता पाहून माझा पहिला संशय तिसऱ्याच गोष्टीवर जातो. मद्रास इंटरनॅशनल सर्किट सुमारे ३.७ किलोमीटरचे आहे आणि तिथे वेगातून जोरदार ब्रेक लावावे लागतात. एकाच वळणापूर्वी प्रत्येक लॅपमध्ये ब्रेकची कमाल जी किती भरली, ते ओळीने लिहून काढा. दुसऱ्या लॅपला ०.९, पाचव्याला ०.८, सातव्याला ०.७ अशी उतरण दिसली आणि वळणातली आडवी (गाडीला बाजूला ढकलणारी) जी मात्र तेवढीच राहिली, तर टायर ठीक आहेत आणि ब्रेक दमले आहेत. दोन्ही रेघा सोबत उतरत असतील, तर टायर तापले असावेत. हवेचा दाब गरम टायरवर मोजून पाहा आणि वाढलेला असल्यास कमी करा. जी तेवढीच असून ब्रेक लावण्याची जागा प्रत्येक लॅपला बदलत असेल, तर थकवा आपला आहे.

ब्रेकबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण किनाऱ्यावरच्या गाड्यांना हे हमखास लागू पडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये अशी मानकाची अट आहे, मात्र ओलावा शिरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखे खाली जाते. समुद्राकाठी पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत जुने ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणे म्हणजे ही वेळ स्वतःहून ओढवून घेणे होय. जाण्याआधी ऑइल पूर्ण बदलून घ्या, जुने काढताना हवा राहणार नाही हे मेकॅनिककडून पाहून घ्या, आणि खाऱ्या हवेने डिस्कवर चढलेला गंज निघून गेला आहे ना, तेही तपासा. पेडल मऊ लागल्याच्या क्षणी मात्र नोंदी पाहत बसू नये. एक लॅप सावकाश मारून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) यावे आणि हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी करावी.

प्रश्न : ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाशी जोडणीच्या खाचेला) लावायचे ब्लूटूथ ॲडॉप्टर घेतले आहे. त्यातून सगळी माहिती घ्यावी का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : सगळी घेऊ नये. स्वस्त ॲडॉप्टर गाडीच्या संगणकाला एकेक प्रश्न विचारत जाते, त्यामुळे जितक्या गोष्टी मागाल तितकी प्रत्येक गोष्ट उशिराने हाती येते. फक्त इंजिनाचे आरपीएम आणि ॲक्सिलरेटरची स्थिती निवडावी. वेग जीपीएसचाच घ्यावा. ब्रेकचा दाब या मार्गाने सहसा मिळत नाही, तो जी च्या रेघेवरून ताडावा लागतो. ॲक्सिलरेटरची नोंद मात्र अतिशय कामाची आहे. वळणातून बाहेर पडताना आपण तो दाबून पुन्हा किंचित सोडत असाल, तर आपण घाईने दाबला होता किंवा गाडी अजून सरळ झाली नव्हती. तीच जागा दर लॅपला दिसली, तर पुढच्या सेशनमध्ये तिथे क्षणभर थांबून, पण एकदाच आणि पूर्ण दाबून पाहावा, आणि सरळ रस्त्याच्या शेवटी वेग किती भरतो, तेवढेच तपासावे.