लिंबू पिळलेला कच्चा मासा खाल्ला तर त्यातले जंत मरतात का?

नाही, मरत नाहीत. लिंबामुळे मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो, पण आतली अळी जिवंतच राहते.

ईशान्य थायलंडमधला 'कोई प्ला' घ्या. गोड्या पाण्यातले छोटे मासे कच्चेच बारीक चिरून त्यात लिंबू, मिरची आणि भाजलेल्या तांदळाची भरड घालतात. माशाच्या मांसात ऑपिस्थॉर्किस नावाच्या चपट्या कृमीच्या कोषबद्ध अळ्या असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्या आपल्या लहान आतड्यात कोषातून बाहेर पडतात, पित्तनलिकेत शिरतात आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतात. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, भीती तीच! पित्तनलिकेच्या कर्करोगाचं हे सिद्ध झालेलं कारण आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्येच तसं जाहीर केलं.

आपलं उकळतं कालवण किंवा आतपर्यंत शिजलेला तळलेला तुकडा बिनधास्त खा. मासा कच्चाच खायचा असेल तर तो उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवलेला हवा; घरच्या फ्रिजवर त्यासाठी विसंबू नका.

आधीच खाल्ला असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि शौचाची तपासणी करून घ्या. यावर प्राझिक्वांटेल हे औषध लागतं, नेहमीच्या जंताच्या गोळीवर थांबू नका.